बॉस्टनच्या म्युझियममधलं वेंग घराण्याचं चिनी चित्रांचं कलेक्शन - कोणी पाहिलंय का?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबा आमच्याकडे बॉस्टनला येतायत. बाबा रिटायर्ड ड्रॉईंग टीचर. त्यांना कुठूनतरी कळलंय की इथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला एका चिनी घराण्याने पिढ्यानपिढ्या जपलेली चित्रं दिलीयत आणि त्यात नदीचं एक चित्र पन्नास फुटांहून लांब आहे, तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तेच चाललंय. मला चिनी चित्रांतलं ओ की ठो कळत नाही. ते नेहमी लावलेलं असतं का? बघायचं कसं? आणि भोचक प्रश्न, एवढा खजिना कोणी असा देऊन कसा टाकतं?

घाटमाथा:
नेहमी नसतं लावलेलं, ते आधीच सांगतो. रेशीम न् कागदावरची कामं उजेडाने खराब होतात, म्हणून थोडे महिने मांडून परत अंधारात ठेवतात. निघायच्या आधी वेबसाईट बघा नाहीतर फोन करून विचारा.
ते चित्र म्हणजे वांग हुईचं यांगत्से नदीचं, 1699 सालचं. गंमत अशी की वांग हुई चांगशू गावचा आणि वेंग मंडळीही मूळची तिथलीच, त्यामुळे घरच्या माणसाचं चित्र असल्यासारखं प्रेम. वेंग तोंगहे हा बादशहाचा गुरू, त्याने 1875 मध्ये नवीन घरासाठी साठवलेले पैसे या चित्रात घातले. फ्लॅटचं डाऊन पेमेंट चित्रात घालून आमच्या घरी सांगून बघतो एकदा 😄

शाईचा_डाग:
बघायचं कसं, तर उजवीकडून डावीकडे. हे भिंतीवर टांगायचं चित्र नव्हेच, टेबलावर ठेवून डाव्या हाताने हातभर उलगडायचं, बघून झालं की उजवीकडून गुंडाळत पुढे सरकायचं, तेही दोन-चार मित्र बसलेत, चहा चाललाय अशा वेळी. म्युझियममध्ये काचेखाली लांबच्या लांब पसरलेलं असतं, त्यामुळे लोक एका टोकाला उभे राहून "वा, केवढं मोठं" म्हणतात आणि पुढे निघतात. बाबांना सांगा, हातभर भाग धरून हळूहळू सरका. यातला प्रवास समुद्राकडून वर डोंगरांत जातो, प्रवाहाच्या उलट.
आणि अशा जुन्या गुंडाळ्यांवरचे लाल शिक्के चुकवू नका!! ते सगळे चित्रकाराचेच नसतात, ज्याच्या हातात चित्र आलं त्याने आपला ठोकला, कोणी शेवटी दोन ओळी लिहून ठेवल्या. मला तर चित्राइतकंच ते वाचायला आवडतं, म्हणजे कोणीतरी भाषांतर दिलं असेल तर.

उंबरठा:
भोचक प्रश्नाबद्दल. तोंगहेचा खापरपणतू वान-गो वेंग, त्याच्याकडे हे सगळं अगदी लहानपणीच वारशाने आलं. 1948 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, त्याने ते चीनबाहेर काढून अमेरिकेत आणलं. पुढे न्यू हॅम्पशरमधल्या खेड्यात राहून स्वतः अभ्यास केला, लिहिलं. 2009 मध्ये कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन म्युझियममध्ये यातली चित्रं लोकांना दाखवली आणि 2018 मध्ये, स्वतःच्या शंभरीला, 183 वस्तू बॉस्टनला दिल्या. 2020 च्या डिसेंबरमध्ये गेले, 102 वर्षांचे होते.
चीनमध्ये सोशल मीडियावर यावरून जाम बोंबाबोंब झाली, आमचा ठेवा अमेरिकेला का म्हणून. पण घरची दुर्मिळ पुस्तकं त्याआधीच, 2000 साली, शांघायच्या लायब्ररीने 45 लाख डॉलरना घेतली होती आणि काही चित्रंही शांघाय म्युझियमला गेलीयत, हे ओरडणाऱ्यांतले किती जण बघतात? आयुष्यभर ज्याने सांभाळलं त्याने कुठे द्यायचं ते ठरवलं, माझं तरी तेवढंच म्हणणं.

घाटमाथा:
@उंबरठा, अर्धं पटतं. पण चांगशूच्या माणसाला गावचं चित्र बघायला बॉस्टनचं तिकीट काढावं लागतं, त्याचं काय?

पाटीपेन्सिल:
भांडा तुम्ही निवांत, मी फोन लावते 😄 चित्र बाहेर नसेल तरी बाकीचं काही मांडलंय का तेही विचारते. आणि उजवीकडून सुरू करायचं हे आत्ताच बाबांना कळवलं, तर म्हणाले मला माहितीय, तुझ्या आईला सांग.