ड्रॅग स्ट्रिपवर पहिल्यांदाच: स्टॉक टर्बो, मॅन्युअल गिअर. सल्ला हवा

अश्वशक्ती
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात ड्रॅग स्ट्रिपवर (उभ्या जागेवरून सरळ रेषेत शर्यत लावायचा ट्रॅक) गाडी पळवायची पहिलीच संधी मिळते आहे, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. गाडी छोटी टर्बो पेट्रोल, फ्रंट व्हील ड्राइव्ह, ६ गिअर मॅन्युअल, १२० अश्वशक्ती. माझ्यासकट वजन साधारण १२०० किलो. गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच: रीमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार) नाही, टायरही गाडीबरोबर आलेलेच. काही बदलायचंही नाही, कारण रोज हीच गाडी लागते. क्लच जाळून घरी यायचं नाहीये.
किती वेळेची अपेक्षा धरू? लॉंच, म्हणजे लाइनवरून सुरुवात, किती आरपीएमला करू? आणि जाण्याआधी काय तपासू? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर सांगावं.

टाइमस्लिप
अपेक्षेचं आधी सांगतो. जुना ठोकताळा आहे: वजन किलोत घ्या, अश्वशक्तीने भागा, त्याचं घनमूळ काढा आणि ७.५८ ने गुणा. तुमचं १२०० भागिले १२० म्हणजे १०, घनमूळ २.१५, वेळ आली १६.३ सेकंद. शेवटचा वेग याच हिशेबाने ताशी १३४ किमीच्या आसपास.
हा आकडा सगळं जमून आलं तर. पहिल्या दिवशी १७ च्या वर आलात तरी खट्टू होऊ नका. रन झाल्यावर वेळेची स्लिप मिळते, तिच्यावर दोन आकडे बघायचे. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो, तो दिवसभर फारसा हलत नाही. पहिल्या ६० फुटांची वेळ मात्र तुमची स्वतःची असते. तिथे एक दशांश सेकंद वाचला की शेवटी साधारण दीड ते दोन दशांश वाचतात.

हाफक्लच
वरच्याशी पूर्ण सहमत. स्टॉक गाडीत सगळा खेळ पहिल्या १८ मीटरचा आहे, म्हणून त्यावरच लिहितो.
टर्बोवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे लाइनवर उभं राहून रेव्ह (इंजिनाचे फेरे) वाढवायचे आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) तयार झाला असं समजायचं. तसा तो होत नाही. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबलेला असताना इंजिनावर लोड नसतो, एक्झॉस्टमधून पुरेसा वायू जात नाही, टर्बाइन आळसावलेलीच राहते. वर बऱ्याच नव्या गाड्या उभ्या असताना रेव्ह स्वतःहूनच अडवतात. बूस्ट येतो तो लोडवर. म्हणजे क्लच अर्धवट पकडलेला, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला आणि गाडी सरकायला लागलेली, त्या सेकंदभरात.
त्यामुळे २५०० पासून सुरुवात करा. आधीच क्लच सोडत सोडत बाइटिंग पॉइंटच्या (जिथे क्लच पकडायला लागतो) अगदी अलीकडे आणून ठेवा. हिरवा दिवा लागला की पाय पटकन उचलायचा नाही, क्लच सेकंदभर तिथेच घासू द्यायचा आणि त्याच वेळी उजवा पाय वाढवत न्यायचा. इंजिनाचा आवाज खाली बसला तर गाडी दम तोडते आहे, पुढच्या वेळी ३०० आरपीएम वाढवा. चाकं गरगरली तर अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल करा, पूर्ण सोडू नका. पूर्ण सोडलात की बूस्ट गेला, परत यायला वेळ लागतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं फिरली की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) याच कारणाने बंद ठेवायचा, तो नेमकं हेच करतो.
आणि एक कळकळीने सांगतो. स्टिअरिंगमधून धडधड जाणवली, पुढची चाकं आपटत उसळायला लागली, तर ती रन तिथेच सोडून द्या. ड्राइव्हशाफ्ट आणि इंजिन माउंट त्या उसळण्यानेच तुटतात.

दुसरा_गिअर
शिफ्टबद्दल मी लिहितो. लाल रेषेपर्यंत ताणू नका. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला पुरेशी हवा देऊ शकत नाही, ताकद आधीच उतरायला लागते. गाडीच्या माहितीपुस्तकात कमाल ताकद कुठल्या आरपीएमला दिली आहे ते बघा आणि त्याच्या थोडं पुढे गेल्यावर गिअर टाका. पण तिसरा गिअर १३४ पर्यंत पोचत असेल तर शेवटी थोडा ताणा. चौथा टाकण्यात जेवढा वेळ जातो तेवढा पुढे भरून निघत नाही.

पाचवा_पिस्टन
अ‍ॅक्सिलरेटर न सोडता शिफ्ट केलं तर बूस्ट टिकतो. माझा त्यात बराच वेळ वाचला होता.

हाफक्लच
वेळ वाचतो हे खरं, पण धागाकर्त्यांना हा सल्ला मी देणार नाही. क्लच दाबल्याबरोबर रेव्ह उसळतात आणि त्या फरकाचा सगळा मार क्लचवर आणि सिंक्रोनायझरवर (गिअर जुळवून घेणारा भाग) बसतो. ज्यांना सोमवारी याच गाडीने कामावर जायचं आहे त्यांनी पाय उचलावा.

टाइमस्लिप
तपासणीचं: डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढून ठेवा (पेडलखाली अडकलं तर जिवावर बेतेल), व्हील कॅप काढा, नट टॉर्क रेंचने बघून घ्या, बॅटरी घट्ट बसली आहे ना बघा. एसी बंद. त्याचं पाणी स्टार्ट लाइनवर ठिबकलं तर मागच्या सगळ्यांची पकड जाते. अमेरिकेत एनएचआरएच्या (तिथली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमात १३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला हेल्मेट सक्तीचं आहे. तुम्ही त्यात बसत नाही, तरी घाला.
पुढच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा ३-४ पीएसआय कमी, त्याहून जास्त नाही. परतताना पुन्हा भरायचे.

अश्वशक्ती
खूप आभार. बर्नआउट (सुरुवातीआधी पाण्यात चाकं फिरवून टायर तापवणं) करायचा का? आणि ‘झाडा’वरचे, म्हणजे स्टार्टच्या खांबावरचे दिवे अजून नीट कळलेले नाहीत.

दुसरा_गिअर
पाण्याच्या जागेला वळसा घालून जा. रस्त्याच्या टायरच्या खाचांत पाणी अडकतं आणि लाइनपर्यंत सोबत येतं. खडे-धूळ झटकायला चाकं क्षणभर फिरवा, पुरे.
दिव्यांचं सोपं आहे. सगळ्यात वरचा प्री-स्टेज, म्हणजे जवळ आलात. त्याच्याखालचा स्टेज लागला की लगेच थांबा, पुढे सरकू नका. मग तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने आणि नंतर हिरवा. तुमचं चाक स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, त्यामुळे प्रतिक्रिया उशिरा आली तरी रनची वेळ बिघडत नाही. शेजारच्या गाडीकडे बघू नका.

हाफक्लच
दोन रनमध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या, बॉनेट उघडं ठेवून. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापला की आत गरम हवा जाते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद कमी होते. क्लचलाही तेवढाच आराम.

अश्वशक्ती
जाऊन आलो! चार रन झाल्या.
पहिली १७.४२, ६० फूट २.६१. घाबरून २००० लाच सोडली आणि गाडी बसली. दुसरीत ३००० ला गेलो, चाकं नुसती फिरली, १७.३०. तिसरी २६०० ला, क्लच खरंच सेकंदभर धरून ठेवला. गाडी सुरुवातीला हळू वाटली आणि मग एकदम मागून कुणीतरी ढकलल्यासारखी निघाली. १६.७४, ६० फूट २.३६, शेवटचा वेग १३२. स्लिप हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतो.
चौथीत क्लचचा किंचित वास आला, १६.९ आले आणि मी थांबलो. दोनदा दुसरा गिअर टाकताना कर्र आवाज आला. काही बिघडलं असेल का?

हाफक्लच
फार छान! वास आल्यावर थांबलात हे सगळ्यात आवडलं. रोजच्या चालवण्यात दुसरा गिअर गुळगुळीत पडतो का? पडत असेल तर बहुतेक घाईत क्लच पूर्ण दाबला गेला नसेल. सीट एक खाच पुढे घ्या, डावा पाय थेट तळाशी टेकला पाहिजे.

अश्वशक्ती
आज बघितलं, अगदी गुळगुळीत पडतो. सीट पुढे घेतली आहे.