चौलच्या वाडीतलं टेकाड, खापरं निघतायत, कोणाला सांगायचं?

आगरातला:
मंडळी, आमची चौलला नारळ-पोफळीची वाडी आहे, आजोबांच्या वेळची. मागच्या गडग्याला लागून टेकाड आहे, दोन पुरुष उंच असेल, सगळे त्याला मशिदीचा उंचवटा म्हणतात पण मशीद कोणी बघितलेली नाय, वर जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन-तीन ओळी आणि एक पडकी कबर, बाकी रान. यंदा शेजाऱ्याने बंगल्याच्या भरावासाठी त्याच्या बाजूने जेसीबी लावला तर कापलेल्या भिंतीत राखेचा काळा पट्टा, शिंपले, विटा आणि खापरंच खापरं. काही फिरोजी चकचकीत, काही पांढऱ्यावर निळी नक्षी. पोरांनी पिशवी भरून आणलीय. बाबा म्हणतात पुरातत्त्व खात्याला कळवलंस की जागा गेली, गप्प बस. काय करू?

खापरखुळा:
आधी पोरांना थांबव!! खापर कुठल्या थरातून आलं हे गेलं की ते नुसतं फुटकं भांडं. कापलेल्या भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढ, काही उकरू नकोस. फिरोजी झिलईचा माल इराण-इराककडचा असतो, निळी नक्षी बहुतेक चिनी. आणि जाड खापराला आतून डांबर दिसलं तर ते वेगळं काढून ठेव, तसले रांजण इराणच्या आखातातून यायचे, आधी लोक त्यांना रोमन समजायचे. चौलला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने (तिथे पुरातत्त्व शिकवतात) उत्खनन केलेलं आहे, सातवाहन काळापर्यंत जातं, त्यांना ईमेल टाक.

मु. पो. रेवदंडा:
कोण येणार नाय. शिवकालीन असतं तर बोर्ड लागला असता, मुसलमानी म्हटलं की कोणाला पडलेली नसते. चौलचा हमामखाना, जुनं स्नानघर, बघा, गावातल्या पोरांना विचारलंत तर तेच तुम्हाला विचारतील कुठे आहे. रामेश्वराला आणि दत्ताच्या डोंगरावर गाड्या लागतात, तिथून तिकडे कोणी वळत नाय. आमच्याकडे त्या पंधराव्या शतकातल्या रशियन व्यापाऱ्याचा, निकितिनचा स्तंभ उभारला, तो माणूस चौलला उतरला म्हणून, पण ज्या गावात उतरला त्याचं काय?

खापरखुळा:
मुसलमानी म्हणून बाजूला टाकायचं तर अर्धं चौल टाकावं लागेल. अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे हिजरी ३०४ला, म्हणजे ९१६च्या आसपास आलेला, तेव्हा नाव सैमूर. तो लिहितो की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे, आणि इथेच जन्मलेलेही. राज्य कोणाचं, तर कोकणच्या शिलाहार राजा झंझाचं. म्हणजे सुलतान-बिलतान यायच्या कितीतरी आधी व्यापारी येऊन वसले होते, राजानेच वसू दिले. निजामशाही, पोर्तुगीज सगळं नंतरचं.

आणि बाबांना सांग, १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर परवानगी, हा नियम केंद्राने संरक्षित जाहीर केलेल्या स्मारकाला. फोन केला म्हणून टेकाड स्मारक होत नाय, आधी नोटीस निघते, हरकतीला दोन महिने असतात. उलट जमिनीत सापडलेली वस्तू लपवली तर १८७८चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, दहा रुपयांवरची असली तरी कलेक्टरला कळवायची. रुपये दहाच, अजून.

खाडीपलीकडे:
दाभोळलाही हेच. १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने बंदर जाळलं हे शाळेत एका ओळीत शिकलो, आता घराचा पाया खणताना जळकी माती लागली की गवंडी म्हणतो जुनी चूल असेल, आणि पुढे खणतो. सगळे अंडा मशिदीचे फोटो काढून बसने परत जातात.

आगरातला:
काल फोटो काढले. पट्टा जमिनीपासून साडेतीन फुटांवर, वीतभर जाडीचा. बाबा आधी तणतणले, मग ते दहा हजारवालं वाचून दाखवलं तर म्हणाले, एवढी माणसं पाणी कुठलं पीत होती रे, आणि स्वतःच मागची बुजलेली विहीर दाखवायला घेऊन गेले, मला माहीतच नव्हती. ईमेल टाकलाय. शेजाऱ्याचा जेसीबी सोमवारी परत येतोय, त्याच्याशी बोलायला बाबाच जाणार आहेत.

ता.क. तुळशीच्या कुंडीखाली एक जाड बूड कित्येक वर्षं ठेवलेलं होतं. उलटं केलं. आतून काळं आहे.