क्वार्टरमास्टर, पेमास्टर, कमिसरी : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात क्वार्टरमास्टर जनरल, पेमास्टर जनरल आणि कमिसरी जनरल असे तीन हुद्दे आहेत. पहिल्या खर्ड्यात पेमास्टरला ‘सबनीस’ केलं, तर घरून विचारणा झाली, ‘हे सबनीस कुठले, सदाशिव पेठेतले?’ काय करावं?

प्रतिसाद : आडनावाचं सोडा, कामच जुळत नाही. आपल्या किल्ल्यावर सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब असे. वॉशिंग्टनच्या फौजेत डोकी मोजणारा अधिकारी वेगळाच होता, मस्टर मास्टर जनरल. ऑगस्ट १७७५ मध्ये स्टीफन मॉयलन त्या जागेवर आला. आपण कचेरीत ‘मस्टरवर’ सही करतो ना, तेच हे मस्टर. पगार आणि शिधा डोक्यागणिक. पळालेल्या शिपायाचं नाव यादीत राहिलं, तर त्याचा पगार भलत्याच खिशात जायचा. म्हणून मोजणारा एक, पैसे वाटणारा दुसरा. जेम्स वॉरन हा वाटणारा, म्हणजे पेमास्टर. त्याला ‘पगारवाटप प्रमुख’ म्हणा. रुक्ष आहे, पण खरं आहे.

प्रतिसाद : फौजेत वीस वर्षं काढली म्हणून सांगतो, क्वार्टरमास्टरला हात लावू नका. साताऱ्याकडच्या कुठल्याही माजी सैनिकाला तो शब्द कळतो. मुक्कामाच्या जागा, तंबू, गाड्या, घोडे, वैरण, सगळं त्याच्या गळ्यात. आणि नावलौकिक? वॉशिंग्टनचा सेनानी नॅथनेल ग्रीनने मार्च १७७८ मध्ये हे काम नाइलाजाने पत्करलं. पुढे त्यानेच वॉशिंग्टनला लिहिलं की इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कुणी ऐकलेलं नाही. अर्थात ग्रीन आणि त्याचे दोन साहाय्यक यांना मिळून खर्चावर एक टक्का दलाली होती, हेही लेखात येऊ द्या.

प्रश्नकर्ता : आणि कमिसरी? ‘कारखानीस’ चालेल?

प्रतिसाद : कमिसरी म्हणजे फौजेला शिधा पुरवणारा. तेव्हा जुन्या अर्थाने चपखल, किल्ल्यावरचं धान्यकोठार कारखानिसाकडेच असे. पण आज ‘कारखाना’ म्हटलं की उसाचे ट्रक दिसतात. ‘शिधाप्रमुख’ करा. मात्र ‘रेशन’ टाळा, वाचक पिशवी घेऊन दुकानाच्या रांगेत उभा राहील. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, ४ नोव्हेंबर १७७५ ला ठरवलेला शिधा बघा : माणशी रोज एक पौंड गोमांस, किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, किंवा एक पौंड खारवलेले मासे, एक पौंड पाव अथवा पीठ, एक पाइंट दूध, वर स्प्रूस झाडाच्या पाल्याची बिअर नाहीतर सफरचंदाची साइडर. शंभर माणसांमागे आठवड्याला तीन पौंड मेणबत्त्याही. कागदावर, हं. वॉशिंग्टनच्या फौजेच्या व्हॅली फोर्ज इथल्या छावणीत कितीदा मांसाचा पत्ता नसायचा.

प्रश्नकर्ता : शिपायाला महिना ६⅔ डॉलर, शिवाय १७७६ मध्ये युद्ध संपेपर्यंत भरती होणाऱ्याला २० डॉलर आणि १०० एकर जमीन. या आगाऊ रकमेला ‘नालबंदी’?

प्रतिसाद : मोह होतो खरा. पण नालबंदी म्हणजे घोडेस्वाराला दिलेली आगाऊ रक्कम, नाल घोड्याला. हा बिचारा पायदळातला. ‘भरतीची बक्षिसी’ बरं.

प्रश्नकर्ता : शेवटचं. युद्ध संपल्यावर पेमास्टर जनरल जॉन पिअर्सने थकलेल्या पगाराचा हिशेब करून शिपायांना ‘अंतिम हिशेबाची’ प्रमाणपत्रं दिली. मी ‘फारखती’ लिहिलंय.

प्रतिसाद : अर्थ उलटा झाला! फारखती म्हणजे देणं फिटल्याचा कागद. इथे सरकार ‘तुझे इतके देणे लागतो’ एवढंच लिहून देत होतं. हा कर्जरोखा. घरी परतताना खिशात दमडी नाही, म्हणून कितीकांनी तो पडेल भावात विकला. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या कर्जफेडीच्या योजनेत पैसे मिळाले, ते कागद ज्याच्या हातात होता त्याला.

प्रश्नकर्ता : फारखती खोडली. कर्जरोखा.