स्क्वॉश सांघिक लढतीत क्रम कसा लावतात?

पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत संघ चौघांचा, मग लढती तीनच का? आणि दुबळ्या गड्याला समोरच्या अव्वल खेळाडूपुढे 'बळी' देता येतो का?

मागची_भिंत: नाही येत. ताकदीनुसार १ ते ४ क्रम आधीच लिहून द्यावा लागतो. त्या दिवशी कुठलेही तिघे उतरवा, पण क्रम उलटायचा नाही. दुसऱ्या नंबरच्याला बाहेर बसवला, तर तीन वर सरकतो, चार त्याच्या खाली. पहिला पहिल्याशीच भिडतो. कोण आधी कोर्टवर उतरणार हा भाग वेगळा. पहिला नंबर शेवटी खेळेलच असं नाही.

टिनच्या_वर: बाद फेरीत २-० झालं की निकाल लागला. गटात मात्र संघांची बरोबरी झाली तर गेम, गुणही मोजतात, म्हणून हरतानाही एखादा गेम काढणं मोलाचं.

मागची_भिंत: हांगझोऊ आशियाई स्पर्धेची (२०२३) अंतिम लढत बघा. मुंबईचा महेश माणगावकर हरला, सौरव घोषालने बरोबरी साधली. अभय सिंग पाचव्या गेममध्ये ८-१० मागे होता, गेम ११ गुणांचा, म्हणजे पाकिस्तानला सुवर्णासाठी एकच गुण हवा. तिथून १२-१०! दहा-दहा झाल्यावर दोनची आघाडी लागते ना.