युद्धाच्या छायाचित्रांचे प्रदर्शन नववीच्या मुलांना दाखवावे का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
नमस्कार. आपल्या शहरात सध्या भरलेले युद्धछायाचित्रांचे प्रदर्शन मी पाहून आले आणि नववीच्या माझ्या वर्गाला ते दाखवावे असे मनापासून वाटले. पण क्रिमियातील तोफगोळ्यांपासून १९७१ च्या निर्वासितांपर्यंतची ही चित्रे पाहून मुले घाबरतील, किंवा मोबाइलवर फोटो काढून पुढे सरकतील, अशी धास्ती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १
ताई, अवश्य न्या, मात्र सगळे दालन एका दमात फिरवू नका. मोजक्या चित्रांपुढे मुलांना थांबवा आणि ते छायाचित्र काढले जाण्याआधी तिथे काय घडले असेल, हे त्यांना विचारा. रॉजर फेंटन या ब्रिटिश छायाचित्रकाराने १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात एकाच जागेवरून दोन छायाचित्रे घेतली. एकात रस्ता मोकळा असून गोळे कडेला पडले आहेत, तर दुसऱ्यात ते रस्त्यावरही विखुरलेले दिसतात; म्हणजे गोळे कोणी हलवले का, हा प्रश्न उरतोच. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत, त्यामुळे प्रत्यक्ष धुमश्चक्री टिपणे शक्यच नव्हते. छायाचित्रकार फेलिस बिआटोचे लखनौच्या सिकंदरबागेचे चित्र तिथे असेल तर तेही दाखवा. लढाई नोव्हेंबर १८५७ मधली, छायाचित्र मात्र १८५८ मधले. अंगणातली हाडे मुद्दाम मांडली होती, असे अनेक अभ्यासक मानतात. ती आपल्या शिपायांची हाडे होती आणि कॅमेरा जिंकणाऱ्यांच्या गोटातून आला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. तरीही नुसता संशय शिकवला तर खऱ्या दुःखापुढेही मुले ‘हे मांडलेले असेल’ म्हणून मोकळी होतील. छायाचित्रकार किशोर पारेख १९७१ मध्ये कोणी न पाठवता स्वतःहून बांगलादेशात गेले, हे त्यांना आधी सांगा. शिवाय लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आपल्या कामठीत आहे आणि त्याच युद्धात बांगलादेशातल्या गंगासागरला लढताना कामी आलेले परमवीरचक्र विजेते लान्स नायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटच्या १४ गार्ड्स या तुकडीचे होते. तुमच्या वर्गात कामठीची मुले असतील, तर त्यांचे आजोबा त्या युद्धात लढलेले असू शकतात, त्यांना आधी भेटा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. फेंटनची दोन्ही चित्रे तिथे शेजारीशेजारी आहेत, पण खालच्या पट्टीवर केवळ स्थळ आणि साल आहे. ती पट्टी वाचण्याआधी मुलांना दोन्हींतला फरक वहीत लिहायला सांगेन. निर्वासितांच्या चित्रांपुढे मात्र वही बंद ठेवू. पालकांना उद्याच पत्र पाठवते.