काळा धूर आणि चोर्ल्याचा चढ

दादा, चोर्ला घाटात गाडी ओढत नाही, मागं काळा धूर सुटतो आणि मेस्त्री थेट इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात खर्चात पडू नका. काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा डिझेलला हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर काढून बघा, खानापूरकडच्या तांबड्या धुळीनं तो लवकर चोंदतो. मग टर्बोपासून (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडं (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी पाइप क्लिपाजवळ दाबून बघा. चीर बारीक असते, पटकन दिसत नाही, पण भोवती तेलकट काळा डाग धरतो आणि चढाला रेस दिली की फुस्स आवाज येतो. धुराशिवाय ओढ गेली असती, तर मी डिझेल फिल्टर म्हटलं असतं. हे सगळं ठीक निघालं तरच इंजेक्टर काढा, तेही आधी बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर तपासणीच्या मशीनवर लावून, तपासून घ्या.