मुलीच्या गुडघ्याची सूज – लहान मुलांच्या संधिवाताचे डॉक्टर सुचवा (बजेट महिना ३ हजार)

सातपूरची_आई: मुलगी ५ वर्षांची आहे. अडीच महिने झाले, डावा गुडघा सुजलाय. सकाळी उठली की लंगडते आणि तासाभराने पळायला लागते, त्यामुळे आम्हाला वाटलं कुठेतरी पडली असेल. आता डॉक्टर म्हणतात जेआयए असावा, म्हणजे लहान मुलांचा संधिवात. रक्तात आरए फॅक्टर (संधिवातासाठी बघतात ते) निगेटिव्ह, एएनए (स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिद्रव्यं) पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट, म्हणजे सांध्यांची सूज दाबणारं औषध, लागू शकतं म्हणाले. शक्यतो नाशिकमधलंच कोणी सांगा, महिना ३ हजाराच्या वर झेपणार नाही, गाडी पण नाही.

गंगापूररोडकर: ताई, सरळ मुंबई गाठा. पुतण्याला आम्ही परळच्या वाडियाला, लहान मुलांच्या हॉस्पिटलला, नेतो. पहाटे ४ ला कार काढायची. त्याला बायोलॉजिकची (शरीरातले सूज वाढवणारे घटक अडवणारी) इंजेक्शनं चालू आहेत, १५ दिवसांनी एक. खर्चाकडे बघूच नका, आता शाळेच्या क्रिकेट टीममध्ये आहे तो!

पासवाला: कसारा घाटात पहाटे धुक्यात लहान मूल घेऊन कार? पंचवटी एक्स्प्रेस आहे की. दादरला उतरा, परळ जवळच.

गंगापूररोडकर: पंचवटीने दादरला दहा वाजून जातात, मग ओपीडीत नंबर कधी लागणार?

इंदिरानगरचा_बाबा: आमचं काय झालं ते सांगतो. मुलाचा एएसओ (रक्ताची एक तपासणी) वाढलेला म्हणून रुमॅटिक फीव्हर, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणारा सांधे धरणारा ताप, धरलं आणि दीड वर्ष दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, पोरगं आदल्या रात्रीपासून रडायचं. एएसओ वाढला म्हणजे घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग होऊन गेला एवढंच. त्या तापात दुखणं या सांध्यातून त्या सांध्यात फिरतं, जेआयए ६ आठवडे उलटले तरी तिथेच ठाण मांडून बसतो. हे आम्हाला कळेपर्यंत गुडघा सरळ व्हायचा थांबला होता, अजून फिजिओ चालू आहे. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक मुलांत निगेटिव्हच येतो.

नाशिकरोडची_आजी: एवढ्याशा पोरीला मेथोट्रेक्सेट नको गं बाई, कॅन्सरचं औषध आहे ते. माझ्या नातीचं दही बंद केलं, एरंडेल लावून शेकलं, ३ आठवड्यांत खेळायला लागली.

मेडिकलवाला_काका: आजी, ३ आठवड्यांत गेली ती सूज वेगळी, व्हायरल तापानंतरही येते तशी. संधिवातात डोस कॅन्सरच्या मानाने अगदी कमी असतो. १९९२ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या १२७ मुलांवरची ट्रायल छापून आली, त्यात आठवड्याला अंगाच्या दर चौरस मीटरमागे १० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटातली ६३ टक्के मुलं सुधारली, नुसती औषध नसलेली गोळी घेणारी ३६ टक्के. पण ताई, ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज दिली गेली तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड आणि रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तशी. गोळ्या स्वस्त आहेत, तुमच्या बजेटात बसतील.

सिडकोची_ताई: सगळं राहू दे, डोळे दाखवलेत का?? लहान मुलगी, एक-दोनच सांधे आणि एएनए पॉझिटिव्ह, यांनाच डोळ्याच्या आत सूज यायचा धोका जास्त. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, काही नाही. माझ्या लेकीला फळा दिसेना तेव्हा आम्हाला कळलं, एका डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही. स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं डोळ्याच्या आत बघायचं यंत्र) दर ३ महिन्यांनी तपासायचं असतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर... तिला आता मेथोट्रेक्सेटबरोबर अ‍ॅडॅलिम्युमॅब हे बायोलॉजिक चालू आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमधली ट्रायल छापून आली, तिच्यात डोळ्याच्या याच सुजेवर ही जोडी नुसत्या मेथोट्रेक्सेटपेक्षा सरस ठरली. सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करावी लागते.

गंगापूररोडकर: मी पहिल्यापासून हेच म्हणतोय, बायोलॉजिक.

मेडिकलवाला_काका: अहो दादा, एका गुडघ्यासाठी लगेच बायोलॉजिक नाही. आधी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन पण देतात.

इंदिरानगरचा_बाबा: डोळे दाखवा ताई. आणि नुसत्या एएसओवर पेनिसिलिन नको.

पासवाला: डोळे दाखवाच. पंचवटीचं रिझर्वेशन आधी करा.

सातपूरची_आई: सोमवारी इथेच नाशिकला डोळे दाखवले. डाव्या डोळ्यात सूज निघाली. एकदाही डोळा चोळला नव्हता हो तिने. थेंब लगेच सुरू झाले. सिडकोच्या ताई, तुमचे उपकार कसे फेडू. मुंबईला नाही जात आहोत, तिथे राहायची सोय नाही. हडपसरला बहीण आहे, म्हणून पुण्यातल्या लहान मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, गुरुवारी ठक्कर बाजारहून एसटीने निघतोय. आजी, शेकणार नाही, रागावू नका. काका, गोळी सुरू झाली तर रविवार ठरवलाय, हे घरी असतात त्या दिवशी.